पाहिलेलं आणि ऐकलेलं

मी एक जुना टाइपरायटर आहे. अक्षरं इंग्रजी, पण कान मराठी. मित्रांनो, आज माझी घंटी मुकी झाली आहे आणि अंगावर इतकी धूळ आहे की मला शिंक येत नाही हेच नशीब!

१९६४ साली सुमनताईंनी मला कासारवाडी स्टेशनाजवळच्या त्यांच्या खोलीत आणलं. पिंपरीत कारखाने उभे राहत होते. इंग्रजी अर्ज आणि जबाब टाइप करून घ्यायला कामगारांची रीघ लागे. ताई रोज सकाळी मला तेल देत, ब्रशने माझी अक्षरं घासत.

प्रत्येक जबाबाच्या शेवटी ताई 'टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज' असं घालत. म्हणजे 'माझ्या माहितीप्रमाणे'. भाजीत मीठ घालावं तसं, न विचारता. मलाही त्या ओळीचा मोठा अभिमान वाटे.

एके दिवशी मेकॅनिक लालमहंमद आले. त्यांच्या खात्यातल्या भिवाची तीन बोटं पत्रा कापायच्या यंत्रात गेली होती. बोटं आत जाऊ नयेत म्हणून यंत्राला असते ती जाळी भिवानेच काढली, असं साहेब म्हणत होते. तसं ठरलं तर त्याची नोकरी जाणार होती. लालमहंमद त्याच्यासाठी साक्ष लिहून द्यायला आले होते.

ताईंनी टाइप करून अर्थ सांगितला. शेवटची ओळ ऐकून ते म्हणाले, "ताई, हे कशाला?"

"भाऊ, उद्या साहेबांनी धरलं तर निसटायला वाट राहते. तुम्हालाही पोरंबाळं आहेत."

"मला वाट राहील, पण भिवाचं काय? तो यायच्या आधीच जाळी नव्हती. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी." मग म्हणाले, "दुरुस्तीवाल्यांनी काढली, हे मात्र नुसतं ऐकलंय. तिथं घाला की तुमची ओळ."

ताई ओशाळल्या. त्यांनी कागद कार्बनसकट ओढून काढला, नवा चढवला आणि ती ओळ फक्त ऐकीव वाक्याला लावली. हजारदा उमटवूनही तिची खरी जागा मला त्या दिवशी कळली.

भिवाची नोकरी राहिली. लालमहंमदना मात्र पुढे बढती मिळाली नाही. एकदा भिवा ताईंकडे आला आणि त्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी माझ्यावर स्वतःचं नाव उमटवून गेला. मला भरून आलं.

आता १९८२ साल आहे आणि मी माळ्यावर पडून आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला तेलाचा थेंब द्या. आणि कुणासाठी साक्ष लिहाल, तेव्हा पाहिलेलं ठामपणे लिहा.

ताई मला भंगारात देणार आहेत म्हणे. माझ्या माहितीप्रमाणे, बरं का! पण निसटायची वाट सोडून लालमहंमदांनी त्या कागदावर सही केली, हे मी पाहिलं आहे.