पडलेल्याची जिलबी

"हे तुम्हाला कोणाला पटणार नाही, तेव्हा पटवून घ्यायचा त्रासही कोणी घेऊ नका," असं म्हणून ढुंढिकाकांनी मिसळीची ताटली पुढे ओढली, तर्रीवरचा कांदा चमच्याने बाजूला सारला आणि टेबलावरची बाकीची बोलणी थांबेपर्यंत स्वस्थ बसले. मग म्हणाले, "आपल्या गंगापूर रोडच्या चरातून मी सटाण्यापर्यंत जाऊन आलोय. सायकलवरून. एकही पायडल न मारता."

मंडळींनी खुर्च्या जवळ ओढल्या. सोमेश्वरच्या पुढे, द्राक्षाच्या बागेला लागून असलेल्या त्या मिसळीच्या अंगणात दर रविवारी सकाळी ही सायकलवाली मंडळी जमायची, आणि तर्री जिभेला झोंबायला लागली की ढुंढिकाकांची गोष्ट सुरू व्हायची. त्यांच्या गोष्टीत वाघाने मागच्या चाकात हवा भरून दिलेली होती, आणि एकदा तर गोदेच्या पुरात सायकल पुढे आणि काका मागे असे दोघे पोहत घरी आले होते. खरंखोटं कोणी विचारत नसे. दातांची डॉक्टर वल्लरी तेवढी मधूनमधून टोचायची, पण तीसुद्धा गोष्ट पुढे जावी म्हणूनच.

"काका, आज डाव्या हाताने मिसळ?" तिने आत्ताही विचारलंच.

"डाव्या हाताने खाल्लं की तिखट उजव्या बाजूला लागत नाही. तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत हे," काका म्हणाले आणि उजव्या हाताची बाही मनगटाच्या खाली ओढून घेतली.

बाहीखाली क्रेपची पट्टी होती. ती कोणाला दिसू नये म्हणूनच आजची गोष्ट एवढी लांबवर, सटाण्यापर्यंत न्यायची होती.

मंडळींचा एक रिवाज होता. जो सायकलवरून पडेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना जिलबी द्यायची आणि आपण कसे पडलो ते उभं राहून सांगायचं. लागलेलं असलं तरी हसत सांगायचं. सिंहस्थाच्या नावाने शहर उकरायला घेतल्यापासून रविवारची जिलबी चुकेनाशी झाली होती. आधी गॅसच्या पाइपवाल्यांनी चर खणला आणि बुजवला, मग पाण्यावाल्यांनी, आणि नंतर केबलवाल्यांनी तिथेच खणलं, कारण तिथली माती आयती भुसभुशीत होती. वरून डांबराचं एक ठिगळ. टँकर जायला लागले की ते ठिगळ खाली बसायचं आणि रस्त्याच्या डाव्या कडेने, म्हणजे नेमकं सायकलवाल्याने जिथून जायचं तिथूनच, लांबच लांब पन्हळ तयार व्हायची. चाक एकदा तिच्यात उतरलं की बाहेर निघत नाही. काढायला जावं तर सायकल जागीच अडते आणि माणूस पुढे जातो.

कोंडाजी असेच पडले होते. काकांच्याच वयाचे, काकांच्याच शेजारी बसणारे, आणि काकांच्या थापांना "बरोबर, मी होतो ना तेव्हा" अशी साक्ष देणारे. त्यांनी जिलबी दिली, उभं राहून झकास सांगितलं, सगळे पोट धरून हसले. हसून झाल्यावर अमित त्यांच्याजवळ जाऊन बसला. मंडळींचा सगळा कारभार अमितकडे. दुसऱ्याची ट्यूब, दुसऱ्याचं पाणी, दुसऱ्याची गोळी, सगळं त्याच्या पिशवीत. त्याने कोंडाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आता पुढच्या वेळेपासून तुम्ही गाडीतून या. मी घ्यायला येतो." इतक्या प्रेमाने म्हटलं की नाही म्हणायला जागाच उरली नाही. कोंडाजी दोन रविवार गाडीतून आले. सगळ्यांच्या आधी पोचायचे, घाम आलेला नसायचा, सांगायला काही नसायचं. तिसऱ्या रविवारी अमित घ्यायला गेला तर म्हणाले, पोट बरं नाही. ते पोट अजून बरं झालेलं नव्हतं.

आणि मागच्या महिन्यात, महात्मानगरच्या घरून निघून काका गंगापूर रोडला लागले असतील नसतील, त्यांचंही चाक उतरलं.

पडल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर मान वर करून कोणी पाहिलं का ते बघितलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याचं त्यांना बरं वाटलं. सायकल अंगावरून बाजूला केली, मनगट धरून कडेच्या दगडावर बसले. कोणी येत नव्हतं. समोर एका बंगल्याच्या माळ्याने नळ सोडला, झाडांना पाणी घातलं, नळ बंद केला आणि आत निघून गेला. मग ज्याचं बरं वाटलं होतं त्याचंच हळूहळू वाईट वाटायला लागलं.

आठवडाभर काकांशी बोलायचे ते दोघेच. दूधवाला विचारायचा, "काका, अर्धाच लिटर ना?" आणि बंगळुरूहून आभा, त्यांची मुलगी, विचारायची, "बाबा, जेवलात ना?" दोन्हीला हो म्हटलं की बोलणं संपलं. "मग काय झालं?" असं विचारणारी माणसं फक्त इथे, या टेबलाला होती. तेव्हा काकांनी ठरवून टाकलं, आपण पडलोच नाही.

अडचण एवढीच होती की मनगट ब्रेक दाबू देत नव्हतं, आणि ती पन्हळ दिसली की पाय आपोआप जमिनीला टेकायला बघायचे. मग ते उजाडायच्या आत निघायला लागले. सायकल हातात धरून चालत यायचे, पँटला क्लिप लावून, डोक्यावर हेल्मेट घालून. मिसळीच्या अंगणाआधी एक छोटासा उतार आहे. तिथे सीटवर बसायचे आणि घंटी वाजवत आत यायचे. "आले बघा, काका सगळ्यांच्या आधी," असं कोणी म्हटलं की नुसतं हसायचे.

आनंदवलीच्या वळणावर लंकाबाई भाजीची पाटी घेऊन बसायच्या. मिसळवाल्याला कोथिंबीर आणि लिंबं त्यांचीच. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं होतं, "पंक्चर का बाबा?" काका हो म्हणाले. दुसऱ्या रविवारी, "आज बी पंक्चर?" काका म्हणाले, रस्ताच तसा आहे. त्यानंतर लंकाबाईंनी विचारणं सोडलं. काका दिसले की पाटी जराशी मागे ओढून वाट करून द्यायच्या. विचारत होत्या तेच बरं होतं, असं काकांना वाटायचं.

आज वळणावर पाटी नव्हती. काकांना जरा चुकल्यासारखं वाटलं आणि जरा मोकळंही. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी सायकलला आजची गोष्ट सांगायला घेतली. हल्ली ते तसंच करायचे, आधी तिला सांगून बघायचे. तिच्यापासून लपवण्यासारखं काही नव्हतं, तीही त्यांच्याबरोबरच पडली होती. मागून कोणाची तरी पावलं वाजत होती, पण सोमेश्वरला जाणारे पुष्कळ असतात. काकांनी वळून पाहिलं नाही.

"तर चाक उतरलं चरात," काका आता टेबलाला सांगत होते. "मी म्हटलं, येईल वर. कुठलं येतंय. रुळावर घातल्यासारखी सायकल निघाली. जेहान सर्कलला सिग्नल लाल, पण चराला कसला सिग्नल? पोलीस शिटी वाजवतोय, मी म्हणतोय, साहेब, ठेकेदाराला थांबवा, मी आपोआप थांबतो."

"मग काय झालं?" कोणीतरी विचारलं.

काकांचा चेहरा उजळला. "मग काय होणार? या लोकांना कुठे थांबायचं ते कोणी सांगितलेलंच नाही, त्यामुळे चर सरळ सटाण्याला गेलेला. बाजारात कांद्याचा लिलाव चाललेला. सायकलीसकट मी त्यात शिरलो. व्यापारी म्हणाला, माल जुना दिसतोय, पण साल घट्ट आहे."

हशा पिकला. वल्लरी म्हणाली, "विकले का गेलात काका?"

"भाव नाही आला. म्हणून तर परत आलो. पण येताना चर खोल झाला. खाली खाली गेलो. वर गॅसचा पाइप, त्याखाली पाण्याचा, त्याखाली मागच्या सिंहस्थाचा रस्ता, त्याखाली त्याच्या मागच्या सिंहस्थाचा. एकाखाली एक, चपात्यांसारखे. एकदम तळाच्या रस्त्यावर एकही खड्डा नाही. आणि तिथे कोण असावं? आपले कोंडाजी."

हसू जरा कमी झालं.

"एकटेच होते. सायकल स्टँडवर लावलेली, चाक हाताने फिरवत बसले होते. मी म्हटलं, अहो, वर चला, मंडळी वाट बघतायत. तर म्हणाले, नको. वर आलं की गाडीत बसवतात." काकांनी पाण्याचा घोट घेतला. "मी म्हटलं, मग इथे काय करता? म्हणाले, कान देऊन ऐकतो. रविवारी तुमच्या सायकली डोक्यावरून जातात ना, कोणाची कुठली ते आवाजावरून ओळखतो. हल्ली तुमची ऐकू येत नाही म्हणाले."

हे शेवटचं वाक्य गोष्टीत नव्हतं. कुठून आलं ते काकांनाही कळलं नाही. मिसळवाल्याच्या कढईत काहीतरी चुरचुरलं.

अमितने हातातला फोन टेबलावर उपडा ठेवला. खुर्ची सरकवून तो काकांच्या शेजारी आला आणि बसला. कोंडाजींच्या शेजारी बसला होता तसाच.

"काका, एक विचारू? तुम्ही पडला होतात का?"

"मी?"

"हात दाखवा बरं."

"पडलो असतो तर जिलबी दिली नसती का? एवढा कंजूस वाटलो तुला?" काका हसले. अमितच्या पिशवीची चेन उघडी होती आणि आत गाडीच्या किल्ल्या दिसत होत्या. "अरे, सटाण्याला जाऊन आलो, पाताळात जाऊन आलो, पण सीटवरून ढळलो नाही. आजसुद्धा त्याच चराच्या कडेने चालवत आलोय. घंटी वाजवत आत आलो. विचार कोणालाही."

"कोणाला विचारू?"

"कोणालाही," काका म्हणाले. "सकाळी उठून जो कोणी रस्त्यावर असतो त्याला विचार."

गल्ल्याजवळ लंकाबाई पाटी उतरवून उभ्या होत्या. रिक्षा मिळाली नाही म्हणून पाटी डोक्यावर घेऊन आनंदवलीहून चालत आल्या होत्या, अंगणाआधीच्या उतारावर चार गिऱ्हाइकं करून आत्ताच आत आल्या होत्या आणि पदराने मान पुसत होत्या. गोष्ट त्यांनी कांद्याच्या लिलावापासून उभ्याउभ्या ऐकली होती. हातातली कोथिंबिरीची जुडी त्यांनी परत पाटीत ठेवली.

"खोटं कशाला सांगता बाबा," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पण रागावल्यासारख्या नाही. "सायकल हातात धरून आले तुमी. मी मागंच होते की. हीच गोष्ट वाटभर तुमी तिला सांगत होते, अन् तिला सांगितली तवा तुमी पडले होते, अन् कोणीबी उचलाया आलं नव्हतं."