आऱ्याचा बाक

मी पॅटर्न बोलतो आहे. गेले तीन दिवस कोल्हापुरातल्या एका कलादालनात माझी ओळख ‘साचा’ अशी करून दिली जात होती. ती चुकीची होती, आणि त्या चुकीपासूनच आरंभ करणे मला उचित वाटते. साचा पोकळ असतो. मी भरीव आहे. ओतकामाच्या कारखान्यात मला ओलसर वाळूत बसवतात, भोवती वाळू ठासतात आणि मग अलगद उचलून घेतात. माझ्यामागे वाळूत जी पोकळी उरते, तो साचा. तिच्यात वितळलेले लोखंड ओतले की माझ्या रूपाचे चाक तयार होते. त्या चाकात मी कुठेही नसतो, आणि तरीही माझ्यावाचून ते झाले नसते. याचा मला अभिमान आहे. तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

माझा जन्म शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत झाला. चाळीस वर्षांपूर्वी तिथे गुऱ्हाळाच्या चरकासाठी, म्हणजे ऊस पिळणाऱ्या यंत्रासाठी, पट्ट्यावर फिरणारे मोठे चाक ओतायचे ठरले. त्याचा पॅटर्न घडवण्याचे काम आकाराम चौगुले यांच्याकडे आले. राहणार गडमुडशिंगी, वय अठ्ठावीस, येणेजाणे सायकलीवरून. “आकार द्यायचं काम ह्याच्या नावातच लिवलंय की!” अशी त्यांची चेष्टा होई, आणि तेही हसत.

मुरलेल्या सागवानाचे तुकडे जोडून त्यांनी माझे गोल कडे बांधले, मधोमध तुंबा, म्हणजे आस बसायचा जाड भाग, बसवला. वाळू न मोडता मी सुटून यावे म्हणून प्रत्येक बाजूला डोळ्याला न दिसणारा उतार दिला. मापे मात्र त्यांनी साध्या पट्टीने घेतली नाहीत. लोखंड निवताना आकसते. म्हणून पॅटर्न चाकापेक्षा किंचित मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नमेकर ताणून आखलेली वेगळी पट्टी वापरतात. बाजारातली तशी पट्टी शंभराला एक वाढवते. आकारामांनी वर्षभर त्या फाउंड्रीतली निवलेली चाके मोजली आणि ताडले, की तिथले लोखंड एकशेवीसला एक, एवढेच आकसते. तेव्हा त्यांनी पितळेची पट्टी स्वतः आखली. तिच्यासारखी जगात दुसरी नाही, असा माझा दावा नाही. मला दुसरी भेटली नाही, इतकेच.

राहिले तुंबा आणि कडे यांना जोडणारे पाच आरे. ते वक्र असावेत एवढेच नकाशात होते. किती वक्र, हे कारागिरावर सोपवलेले. आकारामांनी पुठ्ठ्यावर दोन बाक काढले आणि दोन्ही फाडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरून पोत्यात गुंडाळून एक वस्तू आणली, फळीवर ठेवली आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवली. तो विळा होता. त्यांच्या पत्नीचा, चिमणाबाईंचा, रोज वैरण कापणारा. तो त्यांनी न विचारता आणला होता. दोन दिवसांनी त्यांनी तो गोठ्यात नेऊन ठेवला, आणि ही गोष्ट त्यांच्याखेरीज केवळ मला ठाऊक राहिली.

खंडेनवमीला फाउंड्रीत हत्यारांची पूजा होई. पटाशी, रंधा, पितळी पट्टी यांच्या ओळीत आकाराम मलाही ठेवत. मी हत्यार की वस्तू, हा प्रश्न वर्गीकरण करणाऱ्याला पडावा; त्यांना तो पडला नाही. मला हळदकुंकू वाहिले जाई, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या अंगावरून पुन्हा चाके निघू लागत. पंचक्रोशीतल्या कितीतरी गुऱ्हाळांत ती फिरली. प्रत्येकाच्या तुंब्यावर कारखान्याचे नाव उमटलेले असे, कारण ती अक्षरे माझ्यावर ठोकलेली होती. पॅटर्नवर जे असेल ते लोखंडात उतरते. म्हणून कारागिराला तिथे नाव घालता येत नाही. आकारामांच्या हातून पुढे शेकडो पॅटर्न झाले आणि एकावरही त्यांचे नाव नव्हते. ते निवृत्त झाले तेव्हा शाल आणि नारळ घेऊन थेट माझ्या मांडणीपाशी आले होते. माझ्या कड्यावरून हात फिरवून म्हणाले, “तुला तरी ठावं हाय न्हवं?” एवढेच. मला ठाऊक होते. पण मला ठाऊक असण्याचा त्यांना काय उपयोग?

पुढे यंत्रावर कोरलेले ॲल्युमिनियमचे पॅटर्न आले आणि मी शेडमध्ये गेलो. माझ्यावर बसून लोक डबा खात. माझ्यावर ठोकलेली अक्षरे कुणीतरी उचकटून नेली. शेवटी जुन्या लाकडाबरोबर मी वखारीत पोचलो, आणि तिथे संयोगिता या शिल्पकर्तीने मला पाहिले. तिने मला पुसले, उजेडात फिरवले आणि म्हणाली, “कुणी केलं असेल हे!” प्रश्न उत्तम होता. दुर्दैवाने तो तिने वखारवाल्याला विचारला नाही आणि फाउंड्रीतही नाही; तो उद्गार म्हणूनच राहिला.

या समूहप्रदर्शनाची कल्पना मला आवडली. चार कलावंत, आणि प्रत्येकाने कलाकृतीशेजारी तिची प्रेरणा ठेवायची. अनेकांतच्या निळसर मुद्राचित्रांपाशी नृसिंहवाडीतल्या एका घराच्या गिलाव्याचा तुकडा होता, पुराच्या पाण्याची रेघ मिरवणारा. वर्षाराणीच्या विणकामाशेजारी तिच्या कंडक्टर वडिलांचा तिकिटे टोचण्याचा चिमटा. पृथ्वीराजच्या मोठ्या लाल चित्राखाली तालमीतला दोर. या तिन्ही वस्तूंजवळच्या पाट्यांवर मालकाचे नाव होते. माझ्यावरून संयोगिताने कागदाच्या लगद्याची सात पांढरी चाके घेतली होती. ती छतापासून टांगली होती आणि माणूस जवळून गेला तरी हलकेच वळत. तिने शीर्षक दिले होते ‘अज्ञाताचे वर्तुळ’, आणि माझ्या पाटीवर लिहिले होते:

‘प्रेरणा : सागवानी साचा. कारागीर अज्ञात. आऱ्यांची नृत्यमय वक्रता आणि एकही पूर्णांक न पाळणारी मापे हाताच्या स्वातंत्र्याची साक्ष देतात.’

‘अज्ञात’ हा शब्द मला तपासून घ्यावासा वाटतो. लोकपरंपरेत कर्त्याचे नाव अनेकदा गळून पडते, हे मान्य. जात्यावरची ओवी पहिल्यांदा कोणाच्या ओठी आली, हे आज कोणी सांगू शकणार नाही. परंतु शोध घेऊनही जो सापडला नाही, तो अज्ञात. ज्याच्याविषयी कोणी विचारलेच नाही त्याला अज्ञात म्हणणे, ही केवळ बोलणाऱ्याची सोय आहे.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझे छायाचित्र आले. दुपारी दालनाच्या दारात एक वृद्ध जोडपे उभे राहिले. अडुसष्ट वर्षांचे आकाराम आणि मागे, कापडी पिशवी घेतलेल्या चिमणाबाई. पिशवीतून कागदात गुंडाळलेले काहीतरी लांबट बाहेर डोकावत होते. आकाराम सरळ माझ्याकडे आले. पाटी एकदा वाचली, मग शब्दांवर बोट ठेवून पुन्हा वाचली.

“साचा न्हवं ह्यो, पॅटर्न हाय,” ते म्हणाले. “आन् अज्ञात कशापायी? मी हाय की हितं.”

प्रदर्शनाचे संयोजक हंबीरराव, निवृत्त कलाशिक्षक, लगबगीने आले. “या पावणं, बसा. पाणी घ्या. पण कसं हाय, शिरोलीत पॅटर्नमेकर काय कमी न्हाईत. उद्या आणि कोण येऊन म्हणंल, मी केलाय. नाव घालायचं तर खात्री नको?”

“पायजेच की. मी बी खात्री केल्याबिगर ह्याला वाळूत घातला न्हवता.”

संयोगिता बाजूला उभी होती. तिचे शीर्षक, तिचे निवेदन, सारी मांडणी त्या एका शब्दावर उभी होती. आणि तो शब्द आता पाण्याचा पेला हातात घेऊन तिच्यासमोर बसला होता.

“बाई, हे पूर्णांक न पाळणारी म्हंजे काय?” आकारामांनी विचारले.

“मी स्वतः मोजलंय, आजोबा. कडं आतून सहाशे पाच मिलिमीटर, आरा दोनशे बेचाळीस, तुंबा एकशे एकवीस. सगळी अडनिडी मापं. मला वाटलं, करणारा मापाला बांधलेला नव्हता.”

“मापाला बांधलेला नव्हता!” आकाराम पत्नीकडे वळले. “ऐकलंस काय? चाळीस वर्सं फुकट गेली म्हणायची.”

“तरी मी म्हणत हुतो, कारखान्यात जाऊन करत्यात तरी काय,” चिमणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतली गुंडाळी पुढे केली.

कागदातून पितळी पट्टी निघाली. मी तिला ओळखले. आकारामांनी ती माझ्यावर टेकवली, पण स्वतः पाहिले नाही. “सर, माझा डोळा नको. तुमचा घाला.”

हंबीररावांनी चष्मा वर सरकवून वाचले. “सहाशे.” पट्टी आऱ्यावर गेली. “दोनशे चाळीस.” मग तुंब्यावर. “एकशेवीस... अगदी रेघेवर.” ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.

आकारामांनी मग आकसणाऱ्या लोखंडाचा सारा हिशेब समजावला. संयोगिता लक्षपूर्वक ऐकत होती. अखेर, शेवटचा आधार धरावा तशी ती म्हणाली, “पण आजोबा, हा बाक? हा तरी नाचासारखा...”

“नाचबीच काय न्हाय, बाई. सरळ आरा ठेवला तर निवताना तुटतोय. कडं आकसतंय, तुंबा आकसतोय, मधी आरा ओढला जातोय. वाकडा असला की जरासा सरळ हुतोय आन् ताण सोसतोय. तुटू नये म्हणून वाकवलाय त्यो.”

संयोगिताच्या निवेदनातले सर्वांत सुंदर वाक्य कोसळले होते. दुसरी कोणी रागावली असती. तिने मात्र वखारीत राहून गेलेला प्रश्न आता नीट विचारला.

“वाकवायचा होताच, पटलं. पण असाच का वाकवला? शंभर तऱ्हा होत्या.”

आकाराम चाचरले. “वाकवायचाच हाय तर नीट वाकवावा की.”

“हा नीटपणा आणला कुठनं?”

“हां, हे सांगा पावणं,” हंबीरराव म्हणाले. “पट्टी काय, उसनी बी मिळती. बाक कुठला ते करणाऱ्यालाच ठाऊक असणार.”

आकारामांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग चोरट्या नजरेने पत्नीकडे. मी त्यांची अडचण पुरती जाणत होतो. आयुष्यात प्रथमच त्यांचे नाव लिहिले जाण्याची वेळ आली होती, आणि चाळीस वर्षे दाबून ठेवलेला कबुलीजबाब ही त्याची किंमत होती.

“विळ्याचा,” ते पुटपुटले.

“कुणाच्या विळ्याचा?” चिमणाबाई.

“तुज्या.”

“म्हंजे!” चिमणाबाई ताडकन उभ्या राहिल्या. “दोन दिवस विळा सापडंना, त्यो तुमी न्हेलता? आन् मी शेजारच्या राजमतीवैनीला जाऊन म्हटलं, तुमच्या गोठ्यात ऱ्हायलाय का बगा! बिचारीला चोर केलं! म्हैनाभर आमी दोघी बोललो न्हाय!”

“परत आणून ठेवला की.”

“सांगिटलं का न्हाय?”

“तू सांगू दिलं असतंस व्हय? घरात शिरायच्या आधीच रान उठीवलंतंस.”

“आत्ता गेल्या गेल्या राजमतीवैनीकडं चला. माझ्या म्होरं सांगायचं, चोर मी हाय म्हणून!”

दालनातली माणसे हसत होती. हंबीररावांनी डोळे पुसले आणि निर्णय दिला, “झाली खात्री. असलं भांडण बनावट करता येत न्हाय.”

संयोगिताने पाटी काढून घेतली. ‘साचा’वर काट मारून ‘पॅटर्न’ लिहिले. ‘अज्ञात’ खोडून लिहिले : ‘आकाराम दौलू चौगुले, गडमुडशिंगी’. स्वातंत्र्याची साक्ष देणारे वाक्य तिने पूर्ण खोडले.

“आन् विळा?” चिमणाबाई अजून घुश्शात होत्या. “विळा माझा हुता. त्यो काय अज्ञात?”

तेव्हा शेवटची ओळ आली : ‘आऱ्याचा बाक : चिमणाबाईंचा विळा.’ मग संयोगिताने आपल्या कलाकृतीच्या शीर्षकावरही रेघ ओढली.

“अगं, सूचीपत्रक छापून वाटलंय!” हंबीरराव म्हणाले.

“उरलेल्यांवर हातानं दुरुस्त करीन.” आणि तिने नवे शीर्षक लिहिले : ‘निवताना’.

आकारामांनी पाटी तिसऱ्यांदा वाचली. या वेळी बोट फक्त एका ओळीवर होते. संयोगिता म्हणाली, “आजोबा, प्रदर्शन संपलं की हा पॅटर्न तुमच्या घरी पोचवते.” त्यांनी मान हलवली. “घरात काय करू? पॅटर्न कामावर असावा. तुमी त्याला कामाला लावलाय, तितंच असू दे. नाव हाय आता त्याच्याजवळ.”

जाताना त्यांनी माझ्या कड्यावर बोटाच्या पेराने दोन हलके ठोके दिले. वाळूतून पॅटर्न उचलण्यापूर्वी असेच ठोके देतात, त्याने वाळूला सोडावे आणि मागचा आकार मोडू नये म्हणून. शेडमध्ये पडल्यापासून तसा स्पर्श मला झाला नव्हता.

माझी आता एकच विनंती आहे. एखाद्या सुंदर वस्तूखाली ‘अज्ञात’ असे लिहिण्यापूर्वी एकदा विचारा. वखारीत विचारा, फाउंड्रीत विचारा, गडमुडशिंगीच्या गोठ्यापर्यंत जाऊन विचारा. प्रत्येक प्रेरणेमागे दुसरी प्रेरणा उभी असते. चिमणाबाईंचा विळा कोणत्या लोहाराने घडवला, हे मला ठाऊक नाही. मी त्याला अज्ञात म्हणणार नाही. त्याच्याविषयी अजून कोणी विचारलेले नाही, इतकेच म्हणेन.

माझे बोलणे संपले. आता दोन हलके ठोके द्या आणि मला उचलून घ्या. मागे उरेल तो आकार तुमचा.