पान एकशे सत्त्याऐंशीवरची कासवं

बांग्वेउलू तळ्याकाठी जिथे बायका मासे वाळवत, नेमकं तिथेच राजधानी लुसाकाच्या एका कंपनीला हॉटेल बांधायचं होतं. कायद्यानुसार आधी पर्यावरण अहवाल आला आणि लोकांना वाचता यावा म्हणून कचेरीत ठेवला गेला. तीनशे पानं! कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. निवृत्त शिक्षिका बाना कासुबा मात्र शेंगा खात तीन दिवस तिथे बसल्या आणि ओळ न् ओळ वाचूनच उठल्या.

सुनावणी शाळेत भरली. अहवाल लिहिणारे हामूंगा कोट घालून घाम पुसत बसले होते.

"साहेब," बाना कासुबा उभ्या राहिल्या, "आमची समुद्री कासवं कुठे नेणार?"

"कसली कासवं?"

"पान एकशे सत्त्याऐंशी. 'या किनाऱ्यावर अंडी घालणारी समुद्री कासवे बांधकामाआधी सुरक्षित जागी हलवली जातील.' तुमचंच वाक्य."

समुद्र तिथून हजार किलोमीटर लांब. दुसऱ्या देशातला अहवाल उतरवताना हामूंगांनी गावाचं नाव बदललं होतं, कासवं तशीच राहिली होती. बाना कासुबांनी हे केव्हाच ओळखलं होतं, पण चेहऱ्यावर नुसती काळजी.

"फार लाजाळू आहेत हो बिचारी," मागून चिसाला कोळी ओरडला. "फक्त माझ्या सासूला दिसतात!"

शाळाभर हशा पिकला. चूक कबूल करणं हामूंगांच्या जिवावर आलं. "हलवू की!" ते म्हणाले.

सरकारी अधिकारी न्गोसांनी शांतपणे लिहून घेतलं. "छान. हलवल्याचा पुरावा आणा, मग परवानगी."

आठ दिवस हामूंगा पँट दुमडून चिखल तुडवत राहिले. नवव्या दिवशी एक कासव घेऊन ते बाना कासुबांच्या दारात हजर झाले.

"हे गोड्या पाण्यातलं," बाईंनी निरखून सांगितलं. "समुद्री कासवाचे पाय वल्ह्यासारखे असतात. आणि आधी ते खाली ठेवा, तुमची बाही खातंय."

हामूंगा पायरीवर मटकन बसले. "बाई, मी नक्कल केली हो."

"ठाऊक आहे. जेवलात का?"

न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणि सुक्या माशांचं कालवण हामूंगांनी तीनदा वाढून घेतलं आणि तिथेच बसून न्गोसांना कबुलीपत्र लिहिलं. नव्या अहवालासाठी मग ते दोन महिने तळ्याकाठीच राहिले. त्यात पहिल्याच पानावर मासे वाळवायचे मांडव आले आणि हॉटेल टेकडीपलीकडे गेलं.

बाना कासुबांनी तोही अहवाल वाचला. व्याकरणाच्या सव्वीस चुका निघाल्या, पण प्राणी सगळे इथलेच होते.