गंधाखालचा नंबर

‘गंध मी लावलं, पण पुसलं कुणी? तूच ना? मग आकडे तूच घालवलेस.’

हे माझ्या कानापाशी पुटपुटत होते, कारण आम्ही दोघं एकाच भिंगातून एकाच लॅपटॉपच्या पाठीकडे बघत होतो. पाठीवर कंपनीचं स्टिकर होतं. म्हणजे असायला हवं होतं. पहिल्या खंडेनवमीला वरच्या झाकणावर डाग पडतील म्हणून शंतनू, आमचा मुलगा, कुरकुरला. तेव्हापासून यांनी लॅपटॉप पालथा ठेवून पूजा सुरू केली आणि हळदीकुंकू बरोब्बर त्या स्टिकरवर. का, तर लॅपटॉपचं नाव तिथं लिहिलंय. दुसऱ्या दिवशी मी खोबरेलाच्या बोळ्यानं पुसायची. आमच्या या भक्तीतून मॉडेलचं नाव काही वाचलं नाही. सिरियल नंबरातला सुरुवातीचा ‘पी’ आणि शेवटचे ‘सात, डी’ तेवढे तग धरून होते.

नंबर मला हवा होता. माझी मैत्रीण गौहर हिनं पडेगावला शेडमध्ये भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन घेतलंय. माझ्या हातचे बुट्टे तिला पसंत, पण मशीनला कागदावरचा बुट्टा कळत नाही, तो कॉम्प्युटरवर टाका टाका करून बसवावा लागतो. ते मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघत, तिच्याच शेडमध्ये बसून शिकले. पण तिथला कॉम्प्युटर आता दिवसभर मशीनला जुंपलेला. आणि घरचा लॅपटॉप ते सॉफ्टवेअर उघडताना असा काही थांबतो की मी मधे कुकर लावून येते.

‘जुम्मे तक रुकती मैं,’ गौहर म्हणाली होती. ‘नंतर लग्नाच्या कपड्यांचं सगळं काम गुलमंडीवाल्या पोराला जातंय. बुरा नको मानू, अंबिका.’

आज गुरुवार होता.

तिचा भाऊ ओवैस लॅपटॉपचे पार्ट विकतो. फोनवर म्हणाला, ‘मेमरी वाढवली की पळंल, ताई. पण एकसारखे दिसणारे दोन लॅपटॉप येतात. एकात मेमरी बोर्डालाच चिकटलेली, ती वाढतच नाय. दुसऱ्यात एक जागा रिकामी असते. खोलून फोटो टाका, नाहीतर सिरियल नंबर सांगा.’

खोलायचं नाव काढायची सोय नव्हती.

‘वापर तू, मी नाही म्हणत नाही,’ हे म्हणाले. ‘पण स्क्रूला हात नको. शंतनूची वस्तू आहे. त्याला लागेल.’

शंतनू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना ‘थोडे दिवस’ म्हणून घरी आला, त्याला कितीतरी दसरे उलटले. आता वाळूजला एका कंपनीत मशीन दुरुस्तीवर आहे. शिफ्टच्या बसनं जातो, येतो, अंग धरलंय, जेवताना हसतो. कॉलेजात असताना हसायचा नाही. पण घरात आम्ही तिघंही अजून ‘थोडे दिवस’च म्हणतो. आणि कॉलेजसाठी घेतलेल्या लॅपटॉपची पूजा होते.

खोकं कधीच भंगारवाल्याला गेलं होतं. पावतीवरची शाई उडून नुसता गुळगुळीत कागद राहिला होता. यांनी भिंग पुसून परत बघितलं, जसं काही दोष भिंगाचा होता.

मी लॅपटॉप सुलटा केला. पाठीवरचं नाव पुसलं म्हणून कुणी आपलं नाव विसरतं का? ह्याला स्वतःला ठाऊक असणारच. मोबाइलला तोंडी विचारलं, तर एक पोरगी व्हिडिओत सांगत होती, काळी खिडकी उघडा आणि ही ओळ लिहा. मी एका बोटानं लिहिली. त्यानं इंग्रजीत झिडकारलं.

‘बघ,’ हे म्हणाले. ‘बिघडवशील.’

‘नुसतं विचारल्यानं कुणी बिघडत नाही.’

दोन शब्दांमधे जागा सोडायची राहिली होती. सोडली, परत बटण दाबलं. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं आली. पुढे पी. शेवटी सात, डी.

यांनी लॅपटॉप अलगद उचलून पाठ बघितली, मग पडदा, मग परत पाठ. मी मात्र गॅसवरचा चहा उतू गेला तरी उठले नाही. जाऊ दे म्हटलं.

मी ओवैसला स्पीकरवर फोन लावून आकडे सांगत गेले. ‘शेवटी बी का डी?’ त्यानं विचारलं.

‘डी. डी म्हणजे दौलताबाद.’

‘हां. बी म्हणजे मी बीबी का मकबरा समजलो असतो.’

तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर कसा टाकायचा ते त्यानं सांगितलं. टाकला, आणि लॅपटॉपची सगळी कुंडली समोर आली. मॉडेल, प्रोसेसर, डिस्क. मेमरी चार. मेमरीच्या जागा दोन, आणि त्यातली एक रिकामी. मी ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचली, दुसऱ्यांदा तर जरा जास्तच मोठ्यानं.

‘मुबारक हो, ताई,’ ओवैस म्हणाला. ‘पार्ट घेऊन अर्ध्या तासात येतो. तोवर मागचे स्क्रू काढून ठेवा.’

पहिली शिफ्ट सुटून शंतनू केव्हाचा दारात उभा होता. कंपनीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. सगळं ऐकलं असणार. पिशवीतून त्यानं बारका स्क्रूड्रायव्हर काढला आणि नुसता हातात धरला.

हे पडद्यावरची खालची ओळ वाचत होते. ‘वॉरंटीसुद्धा संपली की रे याची.’

‘लई आधीच, बाबा.’

मी मधे बोलणार होते. नेहमी मीच बोलते, चहा घेतोस का, पाय धू, असलं काहीतरी. या वेळी नुसतं भिंग बाजूला सरकवलं. यांनी लॅपटॉप मिटला, पालथा केला. स्टिकरच्या कडेला कुंकवाची एक रेघ राहिली होती, ती अंगठ्यानं पुसली. मग लॅपटॉप शंतनूच्या पुढ्यात सरकवला.

‘तू काही आता परत कॉलेजला जायचा नाहीस,’ हे म्हणाले. ‘उघड. आईचा आहे तो.’