मैनाबाईंच्या नावाचा कॅन

वैशाली नगरातल्या त्या घरात सुशीलाबाईंच्या शब्दाबाहेर चहासुद्धा उकळत नसे. त्यांचे यजमान मारोतराव भिलाईच्या पोलाद कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले; शेकडो माणसे हाताखाली वागवलेला तो गृहस्थ घरात शिरताना चप्पल कुठे काढू, असे विचारून काढी. मुलगा शामसुंदर आईच्या नजरेच्या धाकात वाढलेला. सून रमाही तशी आज्ञेतली. मात्र लग्नाला सात वर्षे लोटली तरी तिची कूस उजवली नव्हती, आणि तेवढी एकच गोष्ट सुशीलाबाईंच्या हुकमाला बधत नव्हती.

रमाची आई मैनाबाई भिलाईजवळच्या उतई गावात राहत. त्यांचा नवरा दयाराम आणि मारोतराव भंडाऱ्याहून एकाच गाडीने भिलाईला आले होते. एक चढत चढत अधिकारी झाला, दुसऱ्याचा जन्म भट्टीसमोर गेला. दोघी विहिणींचे वयही एकच, त्रेपन्न. आपण वरमाय आहोत हे सुशीलाबाई कधी विसरल्या नाहीत, आणि मैनाबाईंनी ते कधी फारसे मनावर घेतले नाही. खरे दुखणे तेच होते.

चार वर्षांपूर्वी एका डोहाळजेवणात मैनाबाईंनी भर पंगतीत सांगून टाकले होते, "सुटली बाप्पा मी एकदाची! आता ना पाळी, ना बाजूले बसनं. म्हातारी झाली मी, मले आता कोनी काम सांगू नका!"

बाया खदखदून हसल्या. कोणीतरी सुशीलाबाईंकडे वळून विचारले, "अन् तुमचं, वहिनी?"

सुशीलाबाईंची पाळी त्याआधीच सहा महिने थांबली होती. पण या बाईच्या पंक्तीला म्हातारी म्हणून बसायचे? त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "आमचं चालू आहे अजून."

या एका वाक्याची किंमत त्या चार वर्षे मोजत आल्या होत्या. दर महिन्याला कॅलेंडरवर तारीख पाहून त्या तीन दिवस बाहेरच्या खोलीत बाजूला बसत. ताट वेगळे, तांब्या वेगळा, न्हाणी वेगळी. रमा उंबऱ्यापाशी जेवण आणून ठेवी. एकदाही तारीख चुकली नव्हती. खऱ्या पाळीनेही इतकी शिस्त पाळली नसती.

एकोणनव्वद सालच्या हिवाळ्यात रमाने विजया डॉक्टरांकडे उपचार सुरू केले. या बाई नागपुरात शिकून आलेल्या, आणि दवाखान्याबरोबर संशोधनही करीत. एके दिवशी रमा परतली ती हातात पांढरा प्लॅस्टिकचा कॅन घेऊन.

"आई, मला इंजेक्शनं घ्यावी लागतील," ती उत्साहाने सांगू लागली. "डॉक्टर म्हणाल्या, पाळी गेली की अंडाशय थकतं, पण मेंदू ऐकत नाही. तो हार्मोन पाठवतच राहतो, उठ, उठ म्हणून. तेच हार्मोन अशा बायांच्या लघवीतून काढतात अन् त्याचीच ही इंजेक्शनं बनतात. डॉक्टरांना अभ्यासासाठी पाळी गेलेल्या बाया पाहिजेत. चोवीस तासांची लघवी या कॅनमध्ये साठवून द्यायची, पंधरा दिवसांतून एकदा."

"मग?"

"मी मायचं नाव देऊन टाकलं. तुमचं तर अजून चालू आहे ना, म्हणून नाही दिलं."

सुशीलाबाईंनी कॅनकडे पाठ फिरवली. रमा त्यांना आई म्हणे, पण जन्मदातीला 'माय' म्हणताना तिचा आवाज जसा ओलावत असे, तसा या 'आई'ला कधी ओलावला नव्हता. आता तर हद्दच झाली. त्या बाईच्या अंगातले रमाच्या अंगात जाणार, त्यातून शामसुंदरचे मूल उभे राहणार, आणि उद्या ते मूल पाटावर बसले की मैनाबाई साऱ्या भिलाईला ऐकवणार, हा माझ्यामुळे झाला! सात वर्षे नवससायास कोणी केले? उपासांनी कोण वाळले? आणि श्रेय जाणार एका कॅनला!

मैनाबाई रविवारी दुपारी टेम्पोतून उतरत. कॅन ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, वर चक्क झेंडूचे फूल खोचलेले.

"हे फूल कशाला?" सुशीलाबाईंनी कपाळाला आठी घातली.

"शुभ काम हाय ना विहीनबाई! टेम्पोतला पोट्टा म्हने, मौसी, छाछ है क्या? मी म्हनलं, पी के देख!" मैनाबाई स्वतःच खो खो हसल्या. "रमे, मले पानी दे वं. सकायपासून पिऊनच राहिली मी, डॉक्टरीनबाईले कमी नाई पडलं पाहिजे."

रमा पाणी घेऊन धावली. धावलीच. सुशीलाबाईंनी ते पाहिले.

"तो कॅन स्वयंपाकघराकडे न्यायचा नाही," त्यांनी फर्मावले. "बाहेरच्या खोलीत ठेवा. तिथे गारवा असतो." सोमवारी सकाळी शामसुंदर स्कूटरवरून तो दवाखान्यात पोचवी.

तिसऱ्या खेपेला कॅलेंडरवरची तारीख आणि मैनाबाईंचा रविवार नेमके एकत्र आले. शनिवारी दुपारीच सुशीलाबाई बाहेरच्या खोलीत बसल्या, आणि कोपऱ्यातल्या दुधाच्या जुन्या किटलीने त्यांना भलतीच बुद्धी दिली. रविवारी दुपारपर्यंत त्यांनीही चोवीस तास भरून काढले. मैनाबाई जेवून उतईला परतल्या, घर वामकुक्षीला आडवे झाले, तेव्हा सुशीलाबाईंनी दाराला कडी घातली, मैनाबाईंचा कॅन न्हाणीत रिकामा केला, विसळला, आणि किटली त्यात ओतली. झेंडूचे फूल पुन्हा जागच्या जागी खोचले. हात धुताना त्यांनी दोनदा दाराच्या कडीकडे पाहिले. पण त्या भीतीत एक गोडवाही होता. आता रमाच्या अंगात जाणार ते आपले जाणार. वंश आपला, 'उठ, उठ' ही हाकही आपली.

पंधरा दिवसांनी रमाचे पहिले इंजेक्शन होते. मैनाबाई परस्पर दवाखान्यात येऊन बसल्या होत्या. सुशीलाबाई तिघींत मधल्या खुर्चीवर बसल्या.

विजया डॉक्टरांनी कागद चाळले आणि चेहरा उजळला. "मैनाबाई, कमाल केलीत! या वेळी तुमचं हार्मोन मागच्यापेक्षा जवळजवळ दीडपट आलंय. माझ्या यादीतल्या वीस बायांत एवढा आकडा कुणाचाच नाही."

"पाह्य रमे!" मैनाबाईंनी मांडीवर थाप मारली. "तुह्या मायमध्ये किती ताकद हाय! डॉक्टरीनबाई, लेकीसाठी जीव लावून भरला होता तो कॅन."

रमाचे डोळे भरून आले. तिने हात पुढे केला, तो सुशीलाबाईंच्या समोरून, त्यांच्या मांडीवरून पलीकडे गेला, आणि मैनाबाईंचा हात घट्ट धरून राहिला.

तो हात आपल्यावरून पलीकडे जाताना सुशीलाबाईंनी पाहिला. गप्प राहिले तर मान राहतो. आणि गप्प राहिले तर त्यांचा स्वतःचा आकडा जन्मभर या बाईच्या नावावर राहतो.

"तो कॅन माझा होता," त्या म्हणाल्या.

कोणाला काही उमजले नाही. त्यांनी घरात हुकूम सोडावा तशा खणखणीत आवाजात पुन्हा सांगितले. "त्यांचा मी ओतून दिला आणि माझा भरला. तो आकडा माझा आहे."

"पण आई," रमा चाचरली, "तुमचं तर अजून... मागच्या महिन्यात तुम्ही तीन दिवस..." तिचे बोलणे मध्येच थांबले. तिच्या ओठांची हालचाल पाहून ती महिने मोजते आहे हे कळत होते. "म्हणजे चार वर्षं मी उंबऱ्यावर ताट..."

"हो. चार वर्षं."

मैनाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू पदरातून फुटलेच. "अवं विहीनबाई! कावून वं? माह्यापेक्षा जवान दिसासाठी?"

सुशीलाबाईंनी पदर सावरला. उत्तर तेच होते.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हते. त्यांनी पेनाने एक ओळ खोडली. "हा आकडा मला टाकून द्यावा लागेल. कुणाचा नमुना, हेच चुकलं तर अभ्यास कशाचा?" मग टेबलावरची काचेची छोटी कुपी उचलून म्हणाल्या, "आणि तुमचा गैरसमज झालाय. तुमचे कॅन मी फक्त मोजमापासाठी घेते. रमाचं औषध हे. परदेशात हजारो बायांची लघवी एकत्र करून, शुद्ध करून बनवलेलं. यात तुम्हीही नाही, मैनाबाईही नाहीत."

"मग कोण आहेत?" सुशीलाबाईंनी विचारले.

"कोण जाणे. कुठल्या तरी म्हाताऱ्या. त्यांना रमा माहीतही नाही."

मैनाबाईंचे हसू मावळले. दोघी विहिणी त्या कुपीकडे पाहत राहिल्या. तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी होती. उंबऱ्यावर कधी न येणाऱ्या, श्रेय कधी न मागणाऱ्या त्या बायांचा हेवा कसा करायचा, हे दोघींनाही कळेना.

नर्सने रमाला आतल्या खाटेवर नेले. पडद्याआडून रमाचा आवाज आला. "आई, इकडे या. मला सुईची भीती वाटते."

मैनाबाई सवयीने उठल्या, आणि थबकल्या. 'माय' नव्हे, 'आई' म्हटले होते.

"जा ना," त्या म्हणाल्या. "तुमाले बलावून राहिली थे."

सुशीलाबाई आत गेल्या. रमाने त्यांचा हात धरला. रागाने की भीतीने, सांगणे कठीण, पण नखे रुतेपर्यंत धरला. "घरी गेल्यावर बोलू," ती दातांवर दात दाबून म्हणाली. सात वर्षांत सुनेने प्रथमच असे सुनावले होते. सुशीलाबाईंनी ते ऐकून घेतले.

निघताना विजया डॉक्टरांनी एक नवा रिकामा कॅन काढला, आणि त्यावर पट्टी चिकटवून लिहिले: सुशीलाबाई, वय त्रेपन्न, पाळी बंद. सुशीलाबाईंनी तो पदराखाली न झाकता उघडा हातात घेतला. दारापर्यंत गेल्या, आणि परत वळल्या.

"डॉक्टर, तो आकडा तुम्ही खोडला ते ठीक झालं," त्या म्हणाल्या. "पण दीडपट होता ना? विहीणबाईंच्या दीडपट?"