दुसऱ्या सहीचा रकाना

पार्कच्या ऑफिसात नदीकाठचे दगड उचलायच्या परवान्याचा अर्ज भरता भरता पुरुषोत्तमने मनातल्या मनात पुन्हा एकदा आकडेमोड केली. घरून, ट्रॉयहून, लेकीच्या कोलंबसला साडेतीन तास, तिथून तिच्या गाडीत सव्वा तास, तेवढंच परत. नदीकाठी ऊन खात चार तास. आणि एक अख्खा शनिवार. हे सगळं एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात एकच शब्द, ‘येते’. इलाने तेवढं म्हटलं की सौदा फायद्यात.

यायचं होतं ते त्याच्या बायकोच्या, चारुताच्या वर्षश्राद्धाला, अकरा ऑक्टोबरला. दोन दिवसांपूर्वी रुपालीवहिनींचा फोन आला होता. ट्रॉयमध्ये कुणाच्याही घरी सत्यनारायण असो की श्राद्ध, गुरुजींची वेळ रुपालीवहिनीच घेत.

“भावजी, इला येणार आहे ना? का आपण चार म्हातारी माणसं खीर खाऊन उठायचं?”

“विचारतो.”

“विचारत काय बसलाय, यार! मुलगी आहे तुमची, कस्टमर नाही. रविवारी मला फायनल सांगा.”

कस्टमर असता तर पुरुषोत्तमला सोपं गेलं असतं. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो सत्तावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होता. नग हातात घ्यायचा, व्हर्नियरने मोजायचा, भिंगाखाली बघायचा, शीट भरायची. पास किंवा रिजेक्ट, मधलं काही नाही. त्याची सही असलेला नग कधी परत आला नाही, असं कारखान्यात म्हणत. अर्थात त्याच्याबद्दल कारखान्यात दुसरं काही म्हणतही नसत.

गेल्या ऑक्टोबरमध्ये चारुता गेली, तेव्हाही त्याने काम असंच उरकलं. तीन आठवड्यांत तिचा फोन बंद, विमा बंद, लायब्ररीची पुस्तकं परत. तिचे कपडे नऊ पिशव्यांत भरून दान. प्रत्येक पिशवीवर नंबर, आत काय त्याची यादी. लोक म्हणाले, फार धीराचा माणूस. धीर वगैरे काही नव्हता. आत कुठे बोट लावलं तरी काही जाणवत नव्हतं, दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जाणवत नाही तसं. म्हणून कामं पटापट झाली, इतकंच.

डिसेंबरमध्ये इला घरी आली आणि तिने विचारलं, “आईचा तो ग्रीन स्वेटर कुठंय?”

“पिशवी नंबर चार,” पुरुषोत्तम म्हणाला. उत्तर अचूक होतं. इला त्याच संध्याकाळी कोलंबसला परत गेली. त्यानंतर नऊ महिन्यांत तिचे दोन फोन आले, त्यातला एक चुकून लागलेला.

आणि मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला. शनिवारी नदीवर जातेय, यायचं असेल तर ये.

ही नदी मायलेकींची होती. इला सात वर्षांची असल्यापासून चारुता तिला दर सप्टेंबरमध्ये इथे आणायची. काठावरच्या दगडांत जुन्या समुद्रातले जीव दगड होऊन पडलेले असत, त्यातले ट्रायलोबाइट शोधायला. पावसाळ्यात अंगणात वाणी किडा निघतो, हात लावला की गुंडाळी करतो, साधारण तसलाच प्राणी. फक्त पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा. पुरुषोत्तम कधी आला नव्हता. शनिवारी कारखान्यात ओव्हरटाइम असायचा.

“बाबा, साइन कर ना. कुणीच वाचत नाही ते नियम,” इला म्हणाली.

“म्हणूनच मी वाचतोय.” हातोडी नाही, छिन्नी नाही, विकायचं नाही, आणि तळहातात मावेल तेवढंच न्यायचं. नियम त्याला फार आवडले. सही करून त्याने खिसा चाचपला. खिशात गोळ्यांची डबी होती, आणि तीत कापसात गुंडाळलेली त्याची खरी तयारी.

काठावर पाणी खूप उतरलं होतं. राखाडी दगडांच्या पातळ चिपा सगळीकडे पसरलेल्या. पाय टाकला की कौलांच्या चुऱ्यासारखा आवाज. इला उकिडवी बसली. डावा हात गुडघ्यावर, उजव्या हाताने चिपा उलटायच्या. चारुता पालेभाजी निवडायला अशीच बसायची. पुरुषोत्तमने ते पाहिलं आणि तो जरा लांब जाऊन उभा राहिला.

“उभ्याने नाही दिसणार, बाबा. खाली बस.”

“गुडघे.”

“मग त्या मोठ्या दगडावर बस. आणि एकदम दगड शोधू नकोस. आई म्हणायची, आधी नुसतं बघायचं, डोळ्यांना सवय झाली की ते आपोआप दिसतात.”

“आपोआप काही दिसत नसतं. पद्धत लागते.” त्याने खिशातून भिंग काढलं.

“ओह माय गॉड, तू भिंग आणलंस!” इला हसली नाही, पण हसण्याच्या जवळपास आली. पुरुषोत्तमने तेवढंही जमेला धरलं.

तासाभरात तिने चार-पाच तुकडे दाखवले. एकाला नुसतं शेपूट, एकाला अर्धी बरगडी. पुरुषोत्तम प्रत्येक तुकडा भिंगाखाली धरून सांगत होता, “डोकं नाही... हा मोडका... हाही मोडका.”

“मोडके नाहीत रे. ते वाढताना कात टाकायचे, सापासारखी. कात टाकली की तिचे तुकडे व्हायचे. हे बहुतेक सगळे तेच. आई तेच उचलायची, फक्त तुकडे. मी लहानपणी अख्ख्यासाठी हट्ट करायचे, तर म्हणायची, अख्खा मिळाला म्हणजे तो इथेच मेला गं. तुकडा मिळाला म्हणजे कपडे बदलून पुढे गेला.”

पुरुषोत्तमने भिंग पुसलं. मग पुन्हा पुसलं. एप्रिलमधला एक रविवार त्याला आठवला. पण त्याच्या तयारीत असल्या गोष्टीला जागा नव्हती. उलट आता तर डबीतला नग बाहेर यायलाच हवा होता.

इला पाण्यात हात धुवायला गेली तशी त्याने डबी उघडली. दोन चिपांच्या फटीत नग नीट बसवला, वरून थोडा चिखल लावला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखादी गोष्ट तपासायच्या ऐवजी लपवत होता आणि त्यात त्याचा हात बराच कच्चा होता.

“इला! हे बघ जरा. काहीतरी दिसतंय.”

ती आली, वाकली. अख्खा ट्रायलोबाइट. डोकं, डोळे, बरगड्या, शेपूट, सगळं जागच्या जागी. तिने तो उचलला, अंगठ्याने चिखल पुसला, उलटा केला. आणि ती मोठ्याने हसली. अकरा महिन्यांत पुरुषोत्तमने ते हसणं ऐकलं नव्हतं. आता विचारावं, त्याने ठरवलं. अकरा तारखेचं आताच विचारावं.

“बाबा, हा आपल्या घरचा आहे!”

“घरचा?”

“म्युझियमच्या गिफ्ट शॉपमधला. मी सहा वर्षांची होते, तिथे रडून गोंधळ घातला म्हणून आईने घेऊन दिला. प्लॅस्टिक आहे हे, रेझिन. साच्यातलं.” ती अजून हसत होती. “तू, सत्तावीस वर्षांचा इन्स्पेक्टर, तू हा पास केलास?”

त्याने पास केला होता. व्हर्नियरने दोन्ही बाजू मोजल्या होत्या. डाव्या-उजव्यात पाच शतांश मिलिमीटरचाही फरक नव्हता. इतकी सारखी वस्तू फक्त साच्यातून निघते, हे त्याच्याइतकं ट्रॉयमध्ये कुणाला माहीत नसेल. पण त्या रविवारी तळघरात बसून त्याला वाटलं होतं, चला, एक तरी धड आहे.

“म्हणजे तुला आमच्या तुकड्यांचं ते अंड्यांचं खोकं सापडलं!” इला म्हणाली. “डिसेंबरमध्ये मी आईच्या खोलीत सगळीकडे शोधलं. कुठे होतं?”

“तळघरात. रंगाच्या डब्यांमागे.”

“बाकीचे आणलेस? दहा होते. गाडीत आहेत?”

इथे हो म्हणायला हरकत नव्हती. निदान, घरी आहेत, एवढं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण पुरुषोत्तमने सत्तावीस वर्षांत खोटा रिपोर्ट दिला नव्हता. सवय ही अशी कामाला येते, नको तेव्हा.

“रिजेक्ट केले,” तो म्हणाला.

इलाचं हसू ताबडतोब गेलं नाही. पाहुणे उठल्यावर दिवाणखान्यातला दिवा मालवायचा राहून जातो तसं ते थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं.

“म्हणजे काय केलंस?”

“घराच्या बाजूला पन्हळीखाली खडी आहे. तीत टाकले. दाताळ्याने पसरवले. रिजेक्ट माल चांगल्या मालात पुन्हा येऊ नये म्हणून...” तो थांबला. “जूनमध्ये वरून नवीन खडी टाकून घेतली.”

“त्यांच्यावर खाली नंबर होते.”

“होते. सात ते सोळा. मला वाटलं, लॉट नंबर असतील.”

“माझी वयं होती ती.” तिचा आवाज वर गेला नाही. “वर्षाला एकच न्यायचा. आईचा नियम. सतराव्या वर्षी मी म्हटलं, मला नाही यायचं, मला मैत्रिणींबरोबर जायचंय. म्हणून सोळालाच थांबलं.”

नदीचं पाणी चिपांवरून आवाज न करता चाललं होतं. पुरुषोत्तमला काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि त्याच्याजवळ एकच गोष्ट होती.

“शीट आहे,” तो म्हणाला.

“कसली शीट?”

“इन्स्पेक्शनची. नंबर, लांबी, रुंदी, दोष. दहाच्या दहांची.”

इला त्याच्याकडे बघत राहिली. “तू आईच्या दगडांची शीट भरलीस. आणि मग फेकून दिलेस.”

“भरावी लागते,” पुरुषोत्तम म्हणाला.

कोलंबसला तिच्या पार्किंगमध्ये तो आपल्या गाडीत बसला, पट्टा लावला, तेव्हा ती खिडकीशी आली.

“खडी किती आहे?”

“चार फूट बाय बावीस. खोली अंदाजे पाच इंच.”

“ओके,” ती म्हणाली आणि जिना चढून गेली. अकरा तारखेचं विचारायचं राहूनच गेलं. रविवारी रुपालीवहिनींना त्याने सांगितलं, इलाचं नक्की नाही, गुरुजींना मात्र सांगून टाका.

सोमवारपासून कामावरून आला की तो स्टूल घेऊन पन्हळीखाली बसायला लागला. पोहे चाळायची चारुताची चाळण घेतली. एका वेळी फूटभर पट्टा. खडी उपसायची, धुवायची, चाळायची, भिंगाखाली बघायची. एकेका खड्याची तपासणी होत होती आणि जवळजवळ प्रत्येक खडा रिजेक्ट होत होता. शेजारच्या बाईने कुंपणापलीकडून विचारलं, काही हरवलंय का? पुरुषोत्तमने नीट विचार करून तिला सांगितलं, हो.

पुढच्या रविवारी इलाचा फोन आला.

“किती?”

“एक. पण नंबर धुऊन गेलाय.”

“मग कुठला ते कसं कळणार?”

“लांबी अठरा पूर्णांक दोन. उजवी कड तुटलेली. शीटप्रमाणे अकरा.”

“त्या वर्षी मला ब्रेसेस लावले होते. ओके. बाय.”

त्यानंतर दर रविवारी फोन यायला लागला. “किती?” “दोन.” “किती?” “दोनच.” बाप-लेकीचं एवढं नियमित बोलणं चारुताच्या देखतही कधी झालं नव्हतं. श्राद्धाचं दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

दहा ऑक्टोबरला संध्याकाळी इलाची गाडी दारात थांबली. बॅग आत ठेवायच्या आधी ती घराच्या बाजूला गेली, उकिडवी बसली, आणि तिने चाळण त्याच्या हातातून घेतली. अंधार पडेपर्यंत आणखी दोन सापडले. बावीस फूट संपले. त्यापुढे नुसती माती होती.

सकाळी रुपालीवहिनी खिरीचं पातेलं घेऊन आल्या. “आलीस गं बाई! मला वाटलंच होतं,” असं म्हणत स्वयंपाकघरात शिरल्या. गुरुजींना अजून अवकाश होता. इलाने जेवणाच्या टेबलावर अंड्यांचं खोकं उघडलं आणि पुरुषोत्तमने शेजारी शीट ठेवली. आठ, अकरा, बारा, पंधरा. चार खड्डे भरले. शेवटच्या खड्ड्यात तिने तो गिफ्ट शॉपचा अख्खा ठेवला. “राहू दे,” म्हणाली. “तू पास केलायस.”

पुरुषोत्तमने पेन काढलं. कारखान्यात चुकीची नोंद खोडायची नसते, गिरवायची नसते. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही, तारीख. आठच्या ओळीत ‘रिजेक्ट’वर त्याने रेघ मारली. सही. तारीख. मग अकराच्या. मग बाराच्या, पंधराच्या. उरलेल्या सहा ओळींपाशी पेन थोडं घुटमळलं आणि त्याने टोपण लावलं.

“इथे खाली दोन सह्या आहेत,” इला वाकून वाचत म्हणाली. “ही तुझी. ही दुसरी कुणाची?”

“ज्याचा माल त्याची. त्याच्या सहीशिवाय रिजेक्ट माल फेकता येत नाही.”

“मग ही रिकामी का?”

बाहेर गुरुजींच्या गाडीचं दार लागलं. पुरुषोत्तमने शीटची घडी घातली, खोक्याच्या झाकणात ठेवली. त्याला लेक मिळाली होती, लेकीला चार तुकडे. उरलेले सहा मातीत गेले, ते जिचे होते तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या फोटोसमोर रुपालीवहिनी पान मांडत होत्या.