कोऱ्या काचेची परीक्षा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, दारालगतच्या काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो. पायाशी ‘आमचा वारसा’ अशी पितळी पाटी आहे. माझ्यात आता भिंग नाही, हे त्या पाटीवर लिहिलेले नाही.

मी नवा आलो, तेव्हा मला पाहायला सारा विभाग लोटला होता. पुढे चाळीस वर्षे मला उसंत अशी मिळाली नाही. सकाळी विद्यार्थी माझ्यावर ओणवत. दुपारी त्यांना शिकवणाऱ्या बाई तळ्याच्या पाण्यातल्या इवल्या जिवांवर संशोधन करत. महिन्यातून एका रविवारी विभागाची दारे सर्वांना उघडी असत; लोक घरच्या टाकीचे पाणी बाटलीत भरून आणत. एकदा एक आजोबा माझ्यात डोकावून दचकलेच. “बापरे! हे एवढं खटलं मी रोज पितोय?”

“टाकी धुवा आजोबा,” बाई हसल्या, “खटलं आपोआप वेगळं निघेल.”

बाईंचा नियम एकच: दिसेल तेवढेच काढायचे. मुले मात्र पाहिल्यासारखे करीत आणि पुस्तकातले चित्र उतरवीत. म्हणून एका परीक्षेत बाईंनी गुपचूप कोरी काचपट्टी ठेवली. अठ्ठावीस जणांना तिच्यावर सुरेख अमीबा दिसला! एकाच मुलाने रिकामे वर्तुळ काढून खाली लिहिले, ‘नुसता उजेड आहे. दुसरे काही दिसत नाही.’ बाईंनी त्याला पूर्ण गुण दिले. वर्ग त्याला ‘कोऱ्या’ म्हणून चिडवू लागला. माझा मात्र त्याच्यावर जीव जडला.

बाई निवृत्त झाल्या. त्यांचे इवले जीव बाटल्यांतच सुकून गेले, रविवारही बंद पडले. एका दमट वर्षी माझ्या भिंगावर बुरशी चढली. मला रोज पुसणारे प्रयोगशाळेतले मामा ते काढून, दुरुस्तीचा अर्ज घेऊन तीनदा विभागप्रमुखांकडे गेले. विभागप्रमुख आता कोऱ्याच होता.

“नवीन यंत्रं आलीत की, मामा. ह्याला शोभेला ठेवा.”

नवी यंत्रे कुलपात गेली, मुलांचे हात लागू नयेत म्हणून. माझे भिंग कुठल्या खणात गेले, कोण जाणे.

मग मूल्यांकन समिती यायची ठरली. अध्यापन, संशोधन, लोकसंपर्क, सारेच दाखवायचे होते. एका दिवसापुरता तो रविवार पुन्हा भरवला आणि मला टेबलावर मांडले.

“सर, याला डोळाच नाही हो,” मामा म्हणाले.

“बघतंय कोण, मामा! फोटोत पितळ छान येतं.”

पण एका शाळेच्या गाडीतून आणलेल्या मुलांतली एक मुलगी खरेच बघायला आली होती. घट्ट धरलेल्या बाटलीत घरच्या टाकीचे पाणी होते. “माझा भाऊ सारखा आजारी पडतो,” ती म्हणाली. “आई म्हणाली, पाण्यात काय आहे ते विचारून ये.”

मामांनी नाइलाजाने थेंब ठेवला. ती टाचा उंचावून किती वेळ पाहत राहिली! मग म्हणाली, “नुसता उजेड आहे. दुसरं काही दिसत नाही.”

कोऱ्याचा चेहरा क्षणभर उतरला. त्याला ते वाक्य आठवले असणार. मी श्वास रोखून वाट पाहिली. समिती त्याच्या मागेच उभी होती.

“म्हणजे तुमचं पाणी अगदी स्वच्छ आहे!” तो म्हणाला.

टाळ्या झाल्या. मुलगी आनंदाने धावत निघाली.

“सर, पोरीला खरं सांगून येऊ?” मामा कुजबुजले.

“समितीला जाऊ द्या आधी.”

समिती गेली, तोवर शाळेची गाडीही गेली होती.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, असे मी म्हणणार नाही. माझ्या पितळेची निगा आजही उत्तम राखली जाते. फक्त माझ्यात पाहण्याआधी भिंग आहे का, तेवढे विचारा. आणि ती मुलगी कुठे भेटलीच, तर तिला एवढे सांगा, की तिचे पाणी अजून कोणीही पाहिलेले नाही.